हळदीची टोपी, कुंकवाची टोपी

आमच्या ह्यायच्या अंगाले कायम तेलाचा वास. साबन लावा, शिकेकाई लावा, वास काई जाये नाई. देऊळघाटात लोक त्याईले कडूबा मिस्त्री म्हनत, पन मिस्त्री ते नव्हतेच. आमचा वांग्या-मिरच्याचा मळा होता, अन माल बुलढान्याच्या बाजारात न्यायले याईनं मिलिट्रीतून काढलेली एक जुनी जीप घेतली होती. लढाईच्या वक्ताले हे मिलिट्रीत मोटरीवर होते. तिथून येताना खोड एकच आनली, यंत्र दिसलं का खोलून पाहाचं. माह्या लग्नात आंदन आलेलं घड्याळ पह्यल्याच वर्षी खोललं. ते मंग कधी चाललं नाई. मी आजही ते बोलून दाखवते.

बोलनं मात्र याईचं नाईच. माह्या तोंडाची चक्की दिवसभर चाले, अन हे नुस्तं हूं म्हनत. एकच पोरगी आमाले, सरस्वती, तिच्याशी तेवढे बोलत. सरू लहानपनी लय घोरे. इवलीशी पोर, अन घोरनं एखाद्या बुढ्याचं. मी तिले कुशीवर लोटाले गेली का हे माहा हात धरत. "राहू दे," म्हनत.

सरूले दिली सोनाळ्याले. घाट उतरा, मोताळा, नांदुरा, मंग पूर्णा ओलांडा, अन सातपुडा दिसाले लागला का तिचं गाव येते. पह्यल्या वक्ताले तिले दिवस गेले तवा तिचा दीर तिले बैलगाडीनं एस्टीपर्यंत आनून राह्यला होता. रस्ता असा का मानसाची आतडी गळ्यात यावी. पोटातलं रस्त्यातच गेलं. तो दिवस बाजाराचा होता, अन हे जीप घेऊन बाजारात होते. बातमी आली तशी याईनं जेवनाचं ताट सरकवलं. एवढंच बोलले का पुढच्या वक्ताले मी आनीन, पोरीच्या पोटातलं पानी हालू देनार नाई. याईच्या तोंडून एवढं लांब वाक्य मी कमीच ऐकलं.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्सं झाले असतीन, सरूले पुन्हा दिवस गेले. सातवा लागला तसे आमचे व्याही हिंमतराव घरी आले. मानूस भला, पन कातावला होता. म्हने, "विहीनबाई, एस्टीनं नाई पाठवत अन बैलगाडीनं तं नाईच. गाडी घेऊन या. आठवा लागला का मंग बाळंतपन आमच्याकडंच." आठव्यात आमच्याकडं बाईले वेस ओलांडू देत नाईत, तवा त्याईचंही चुकत नव्हतं. पन पह्यलं बाळंतपन माहेरात, अन ते मायच्या हातानं, एवढी एकच इच्छा होती माही. तिकडं काई झालं असतं तं मी घाट उतरेपर्यंतच समदं संपलं असतं.

हिंमतराव अंगनात आले अन पाहतात तं काय, जीप विटाईवर उभी. आदल्याच हप्त्यात मोताळ्याहून भाड्याचे कांद्याचे पोते भरून राजूरचा घाट चढताना मांगून कटकन आवाज झाला अन गाडी तिथीच बसली होती. हिंमतराव जीपीकडं पाहे, मंग ह्यायच्याकडं पाहे. "होईन," म्हनले हे. हिंमतराव चहा न घेताच निंगाले.

मांगच्या दोन चाकायच्या मधात एक लोखंडी गोळा असते. हे त्याले डिफरन्स म्हनत, मी गोळाच म्हनो. त्याच्यात थाळीएवढं एक दातेरी चाक, अन त्यात अडकनारं मुठीएवढं एक लहान. लहानं इंजनाच्या जोरानं फिरते अन मोठ्याले फिरवते, मोठं मंग गाडीच्या चाकाईले फिरवते. दोघाईचे दात एकमेकात नीट बसले तं गाडी गुपचूप चालते. नाई बसले तं कन्हते, तापते, अन एक दिवस तुटते. एवढं मले समजलं होतं, कारन यंत्राचं तेवढं हे बोलत, अन ऐकाले दुसरं कोनी नव्हतं. खामगावचा मिस्त्री म्हने अख्खा गोळा बदला. याईनं ते ऐकलं नाई, एका मोडक्या जीपीतली चाकाईची जोडी तेवढी घेऊन आले. जोडी जुनी पन एकमेकीले सरावलेली पायजे म्हने, एकीच्या संगं दुसरी कोनतीही नाई चालत. मी म्हटलं, मंग आपलं कसं काय चालून राह्यलं? हूं म्हनले.

पडवीत गोनपाट हातरला अन त्याच्यावर समदा पसारा मांडला. "सरूचे माय, शेंदूर आहे का?" मले वाटलं, आला बाप्पा मानूस देवाधर्माले. काईचं काय. शेंदूर तेलात कालवला अन मोठ्या चाकाच्या दाताईले बोटानं लावला. मंग हातानं फिरवलं. दाताले दात घासला का तिथला शेंदूर पुसला जाये अन खालचं लोखंड उघडं पडे. मले जवळ बोलावून दाखवलं. "मधोमध पुसला पायजे. वरच्या धारीले पुसला तं लहानं दूर राह्यलं, त्याच्या मांगं पत्री घालाची. बुडाशी पुसला तं पत्री काढाची." पत्री म्हंजे कागदावानी पातळ लोखंडाची चकती. घाल, आवळ, फिरव, पाह्य, अन पुन्हा खोल. दाताईच्या मधात बिडीच्या पानाइतकी ढीलही पायजे, नाई तं तापते. मळ्यात मिरच्या पिकून लाल झाल्या, तोडाले मानूस नाई, अन आमचे हे पडवीत शेंदूर लावत बसलेले. मी रोज भांडे आपटो.

त्या मोठ्या चाकाच्या दोन्ही अंगाले बेरिंगी असतात, अन त्याईले दाबून धरनाऱ्या दोन कमानदार टोप्या. डावी टोपी डावीकडंच, उजवी उजवीकडंच, जागेवर बसवूनच कोरलेल्या असतात म्हने. अदलाबदल झाली का बेरिंग चेपते अन गाडी रस्त्यात धोका देते. मांगच्या कोन्या हुशारानं खुना घासून टाकल्या होत्या. याईची कानस शेजारी गेलेली. "हळद-कुंकू दे," म्हनले. डाव्या टोपीले हळदीचं बोट लावलं, उजव्या टोपीले कुंकवाचं. "कानस आली का पक्की खून करतो."

शनिवारी सकाळी शेंदूर बरोबर मधोमध पुसला. दरेक दातावर करडईच्या दान्याएवढा उघडा ठिपका. हे कितीतरी वेळ पाहत बसले. मंग एकडाव समदं पुसाले खोलून ठेवलं, अन चाकाचा शेंदूर तसाच सोडून नवं तेल आनाले बुलढान्याले गेले. मी मळ्यात गेली. घरी एकट्या आत्याबाई, म्हंजे माह्या सासूबाई, तानुबाई. त्याईच्या दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू. लाल तेवढं दिसे, बाकी समदा अंधूक कारभार.

दुपारी आम्ही दोघं बरोबरच घरी आलो. पडवीत उदबत्ती जळून राह्यली होती. मोठ्या चाकाले रुईच्या पानाईची माळ, त्याच्यावर तेलाची धार, समोर तांदूळ. अन त्या दोन टोप्या एकीवर एक ठेवलेल्या, दोघीईले हळद, दोघीईले कुंकू.

"शनिवारचा मारुती घरातच बसवला तू कडूबा, मले सांगतलंही नाई," आत्याबाई म्हनल्या. "अन एकाले नुस्ती हळद, वासानं समजलं मले, एकाले नुस्तं कुंकू, अशी अर्धी पूजा कोनी केली रे? मी पुरी केली. सरूसाठी मांगून घेतलं."

मंग मी बोलली. लय बोलली. आठवा तोंडावर आला, तिकडं पोरगी वाट पाहून राह्यली, अन तुम्ही इथी लोखंडाले हळद लावत बसा, असं अन तसं. माह्या जिवाचं पानी पानी झालं होतं, ते तोंडातून बाहेर पडलं. आत्याबाई चाचपत समोरचे तांदूळ गोळा कराले लागल्या.

हे गोनपाटावर बसले. दोन्ही टोप्या मांडीवर घेतल्या, उलट्या-सुलट्या केल्या. मंग ईचारलं, "माय, नारळ फोडला का?"

"नाई. तू घरी याचा होता."

"बरं केलं. गाडी चालू झाली का फोडू."

एवढं ऐकलं अन मले माहाच राग आला. याईनं टोप्या एका तऱ्हेनं बसवल्या, आवळल्या, चाक फिरवलं. फिरलं. मंग अदलाबदल करून बसवल्या. तरीही फिरलं. फरक असन तं केसाचा. टोपी अन गोळा जिथी जुळतात, त्या सांध्यावरून याईनं नख फिरवलं, मंग दुसऱ्या बोटाचं. मान हालवली. "माहे बोटं गेले," म्हनले. पाने आवळून आवळून बोटाईची सालटं निंगाली होती.

मंग मायले म्हनले, "जरा इकडं ये."

आत्याबाई डोळे गेल्यावरही घरचे तांदूळ त्याच निवडत. सुपात नुस्ते बोटं फिरवत, अन खडा बरोबर बाहेर. आमच्या जेवनात कधी दाताखाली खडा आला नाई. याईनं त्याईचा हात धरून त्या सांध्यावर ठेवला. त्याईनं बोट इकडून तिकडं नेलं. "इथी पायरी आहे," म्हनल्या. दुसऱ्या बाजूले नेलं. "इथीही आहे, बारीक." टोप्या पुन्हा बदलल्या, आवळल्या. आत्याबाईनं बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मंग बोट लुगड्याले पुसून तिसऱ्यांदा फिरवलं. "आता काईच नाई रे."

याईनं शेजारून कानस आनली अन तिथल्या तिथी खुना केल्या. पुन्हा शेंदूर लावला. मधोमध. मी आत जाऊन सासूबाईसाठी चहा ठेवला अन त्याच्यात जास्तीची साखर टाकली. माफी मांगाची आमाले सवय नव्हती.

आठवा लागाच्या आधी आम्ही सोनाळ्याले पोचलो. मीही संगं गेली. हिंमतरावानं गाडीच्या भोवती एक चक्कर मारली, मांगं वाकून पाह्यलं, अन मंग सुनेले बाहेर बोलावलं. सरू सुकली होती. डोळ्याखाली काळं. तिची सासू हळूच मले म्हने, पोरीले महिनाभर झोप नाई, भ्यायली आहे, रातभर पोटावर हात ठेवून बसून राह्यते. याईनं ते ऐकलं. गोधड्याईची चवड केली अन तिच्यावर सरूले बसवलं.

वाटेनं हे थांबत, खाली उतरत, गोळ्याले तळहात लावत अन पुन्हा बसत. पूर्णा ओलांडली, नांदुरा गेलं, मोताळा गेलं. सरूनं माहा दंड घट्ट धरून ठेवला होता. याईची मान एका अंगाले कलंडलेली, कान समदा मांगं. राजूरचा घाट लागला तवा मी देवाचं नाव घेतलं. गाडी चढली. मंग सपाटीले लागलो, अन मी म्हननार का झालं वो, तं याईचं तोंड पडलं.

"आवाज येऊन राह्यला," म्हनले.

मीही कान दिला. खरंच. बारीक, घर्र, मंग थांबे, मंग पुन्हा घर्र. याईनं गाडी बाजूले घेतली, खाली उतरून गोळ्याले हात लावला. कोमट. पुन्हा आले अन इंजन बंद केलं.

आवाज चालूच.

आम्ही एकमेकाईकडं पाह्यलं. सरूच्या तोंडावर धूळ लागू नाई म्हनून मी पदर टाकला होता, तो बाजूले केला. पोरगी तोंड उघडं टाकून झोपली होती. माहा दंड कवाचाच सोडलेला, हात पोटावर, अन घोरनं असं का गाडीच्या पत्र्याले लागावं. लग्न झाल्यापासून आमच्या घरात हा आवाज नव्हता.

मी तिले कुशीवर घ्याले गेली. याईनं माहा हात धरला.

"राहू दे."

मंग ते माह्याकडं पाठ करून रस्त्याच्या कडेले उभे राह्यले. खांदे हालून राह्यले होते. तिकडं आत्याबाई नारळ घेऊन दारात बसल्या असतीन, दिवस कलला होता, मले समदं समजत होतं. पन पोरगी आपल्या मनानं उठेपर्यंत गाडी चालू करा असं मीही म्हनली नाई.