डी सेव्हनच्या जागी

ईशान, रेवा, तुम्ही टोरंटोला निघालात तेव्हा मुरबाडच्या घराच्या ओट्यावरून मी हात हलवला होता. वर्षभरात मीही ते घर सोडलं. ते तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. आज त्याची किल्ली दुसऱ्यांना दिली, म्हणून लिहिते.

तुमच्या आजोबांना अर्धांगवायू झाला. रोज घरी येऊन व्यायाम करून घेणारी बाई शहापुरात मिळाली. तीन महिन्यांचाच प्रश्न आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं. टेम्पोत सामान चढताना शेजारची सुमन, माझी जुनी विद्यार्थिनी, बघत होती. "बाई, दवाखान्यासाठी जाताना कपाट कोन नेतं? तुमी काय आता परत येत नाय." मी तिच्यावर रागावले.

त्याला तीन वर्षं झाली. शहापूरचा हा भाड्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. आजोबा खाली उतरू शकत नाहीत, आणि त्यांना एकटं टाकून मी भाजीवाल्याच्या पुढे जात नाही. मुरबाड जेमतेम तासाभरावर. त्यापेक्षा तुमचं टोरंटो जवळ वाटतं. ते निदान फोनवर दिसतं.

ईशान, तू मला फोनवरून गिटारवर जिप्सी जॅझ शिकवायला घेतलंस ते माझी चिडचिड ऐकून, हे मला कळलं होतं. ढोलकी नाही, तबला नाही, गिटारनेच ठेका धरायचा. झपकन वाजवायचं आणि लगेच बोटं सैल सोडायची. मी वही केली, रकाने आखले: मूळ कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सूर, आणि त्याच्या जागी बदली कॉर्ड. डी सेव्हनच्या जागी ए मायनर सिक्स, ज्यात डी हा सूर नसतोच. लिहायला सोपं होतं. वाजवताना मात्र दरवेळी माझं बोट पाचव्या तारेवर जाऊन डी दाबायचं. "आजी, ती तार मुकी ठेव. खालचा डी बासवाला देईल," तू महिनाभर सांगत होतास.

चाळीस वर्षं मी भजनाला पेटी वाजवली. गाणारा कुठेही भरकटला तरी सा दाबून ठेवायचा, म्हणजे त्याला परत येता येतं. आजोबांची गायची पट्टी पांढरी दोन, म्हणजे त्यांचा सा हाच तुमचा डी. तो मी कसा सोडणार?

आज सकाळी सुमन मुरबाडहून एका तरुण शिक्षक जोडप्याला घेऊन आली. "बंद घराला वाळवी खाते, बाई. मानसं राहू द्या." मी किल्ली दिली. दोन्ही खोल्यांत फिरून आले, जाण्यासारखं तिसरं ठिकाण नव्हतं. मग गिटार घेऊन पलंगाशेजारी बसले आणि तू पाठवलेली धून फोनवर लावली. डी सेव्हनची जागा आली. यावेळी मी बोट उचललं.

त्या मोकळ्या जागेत पलंगावरून सा आला. खर्जातला, जरा थरथरता, पण नेमका. पुढच्या फेरीला पुन्हा आला. धून संपल्यावर आजोबा एकेक शब्द जुळवत म्हणाले, "पेटी... बरी होती."

आम्ही मुरबाडला परत राहायला जाणार नाही. हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे. घर म्हणजे आता ही खोली, त्यांचा पलंग आणि माझी खुर्ची. मला ती अजून पुरत नाही. आजोबांचे शब्द बरेचसे गेले. सूर शाबूत आहे.