पाय दिसायला हवा

कारगिलच्या लढाईनंतरच्या हिवाळ्यात सुरुंगावर पाय पडून माझ्या थोरल्या भावाचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. आमच्या मच्छीमार वाडीतून सैन्यात गेलेला तो पहिलाच. दवाखान्यातून नकली पाय लावून घरी आला आणि पहिल्याच आठवड्यात रापणीचं मोठं जाळं ओढायला किनाऱ्यावर गेला. ओल्या वाळूत तो पाय रुतला. चारचौघांनी उपसून काढला.

"तू येव नको," वडील सगळ्यांसमोर म्हणाले. "तुझ्यासाठी लोकांक थांबूचा लागता."

त्यानंतर तो ओटीवर बसून जाळी विणायचा.

मी शाळामास्तर. गावाने जखमी जवानांच्या सन्मानाचं स्मारक बांधायचं ठरवलं, तेव्हा समितीचा चिटणीस मलाच केलं. दगडावरचा मजकूर माझा. अक्षरं कसालच्या पाथरवटाने कोरली. खाली चिऱ्याचा चौथरा आणि त्याला सात पायऱ्या. काम चालू असताना भाऊ एकदा बघायला आला.

"इतक्यो पायऱ्यो कित्याक?"

"रस्त्यावरून दिसूक व्हया," मी म्हणालो.

उद्घाटनाला ओरोसच्या जिल्हा कचेरीतून साहेब आले. भाषणं झाली आणि भावाचं नाव पुकारलं. कठडा नव्हताच. एकेका पायरीवर थांबत, हाताने मांडी उचलत तो चढला. लोक टाळ्या वाजवत होते; तो थांबला की टाळ्याही थांबायच्या. वर पोचला तेव्हा घामाने त्याचा सदरा अंगाला चिकटला होता. साहेबांनी शाल घातली, नारळ दिला.

फोटोवाला म्हणाला, "पाय दिसत नाही. असा कोणीही वाटतो."

"पँट जरा वर घेता का?" साहेब हसून म्हणाले.

भावाने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या एका हातात नारळ, दुसऱ्या हाताने त्याने दगड धरलेला. मी पुढे झालो, त्याच्यासमोर गुडघ्यावर बसलो आणि त्याची पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली. नीट, दोन्ही बाजूंनी सारखी. बायकांच्या घोळक्यातून चुकचुकणं ऐकू आलं. कोणीतरी खुदकन हसलंही.

आम्ही खाली उतरत असताना वाडीतल्या एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याला सांगितलं, "ह्यो मेलो असतो तर हेचो पुतळो झालो असतो. आता नुसतो दगड." हळू बोलायची त्याला गरज वाटली नाही. भाऊ त्याच्यापासून दोन हातांवर होता.

घरी आल्यावर आईने नकली पाय काढला. मोजा रक्ताने थोट्या पायाला चिकटला होता. कोमट पाण्याने भिजवून सोडवावा लागला. मी दारात उभा होतो.

"तू खाली बसलस," भाऊ म्हणाला, "तेव्हा माका वाटला, पायाचो पट्टो सैल करूक बसलस."

आईने माझ्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही.

आठवड्याने फोटो आला. भावाचा चेहरा हललेला आहे. मी मात्र स्पष्ट आलोय, कॅमेऱ्याकडे बघत, हसत. तो फोटो मी शाळेच्या ऑफिसात लावला होता, हेही सांगितलं पाहिजे. वर्षभर होता.

त्याच वर्षी पावसाळ्याआधी भाऊ कणकवलीला गेला आणि एका कॉलेजच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला. स्मारकाच्या वार्षिक कार्यक्रमाचं पत्र मी दरवर्षी पाठवायचो. उत्तर कधी आलं नाही. घरी तो यायचा, पण मी शाळेत असताना. आईला भेटून परतीच्या एसटीने जायचा.

बऱ्याच वर्षांनी मास्तरांचं प्रशिक्षण नेमकं त्याच कॉलेजात लागलं. मी गेटवर पोचलो. तो खुर्चीवरून उठला, उजव्या पायावर भार देऊन ताठ उभा राहिला आणि सलाम ठोकला.

"बोला साहेब. कोणाकडे काम आहे?"

"दादा, मी रे," मी म्हणालो.

"वहीत नाव लिहा," तो शुद्ध मराठीत म्हणाला. "गाव लिहा. काम काय ते लिहा."

माझ्यामागे दोन मास्तर ताटकळत होते. मी नाव लिहिलं, गाव लिहिलं. त्याने वही आपल्याकडे फिरवून वाचली आणि गेट उघडलं. संध्याकाळी बाहेर आलो तेव्हा तिथे दुसराच माणूस होता. भावाची ड्युटी चारलाच संपल्याचं कळलं. तो कुठे राहतो, हे मी त्या माणसाला विचारलं नाही.