गाल फुगवलेला पुरावा

बँडवाले, जरा बाजूला व्हा. हे वाक्य मी गेल्या तीस वर्षांत इतक्या वेळा म्हटलंय की माझी बायको म्हणते, झोपेतही म्हणता. मी लग्नाचे फोटो काढतो. येरवड्यात माझा स्टुडिओ आहे. म्हणजे एक खोली, एक पडदा आणि पडद्यावर काश्मीर. आमच्या धंद्याचा पहिला नियम असा की वरातीच्या फोटोत घोडी हवी, नवरदेव हवा, नाचणारे मामा हवेत आणि बँड मात्र नको. लाल कोट आणि सोनेरी झालर फोटोत आली की नवरदेव फिका पडतो.

माझ्या या पापाचा हिशोब महामारीत झाला. तो इतका नाट्यमय झाला की सांगताना मला अजूनही उभं राहावंसं वाटतं.

आमच्या गल्लीत एक चाचा राहतात. बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात; त्यांच्या वडिलांनीही पुण्यातल्या वरातींत तेच वाजवलं. दुसऱ्या टाळेबंदीत लग्नं पंचवीस माणसांत उरकू लागली आणि पंचवीसमध्ये बँड कोण मोजणार? बँडचं दुकान बंद झालं. चाचांचा लाल कोट खुंटीवर आणि चाचा खाटेवर. घरात धाकट्या मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं आणि ते अर्ध्यावर सुटणार अशी बोलणी सुरू झाली होती.

तेवढ्यात सरकारने कलाकारांना एकदाच मदत जाहीर केली. मी पेपर घेऊन धावतच त्यांच्याकडे गेलो. चाचा म्हणाले, हे कलाकारांसाठी आहे, आपण बँडवाले. मी म्हटलं, कलांच्या यादीत शेवटी 'इतर' असं लिहिलंय, आपण सगळे तिथेच राहतो.

सरकारी कार्यालयात जमिनीवर खडूचे गोल काढले होते. एका गोलात चाचा, मागच्या गोलात मी. काचेमागच्या बाई अत्यंत सभ्य होत्या. पुण्यात सभ्यपणे नाही म्हणायची एक पद्धत आहे, तिने माणूस आभार मानूनच घरी जातो. त्यांनी समजावलं की दहा वर्षं कला सादर केल्याचा पुरावा लागेल. कार्यक्रमाच्या पत्रिका, बातम्यांची कात्रणं, फोटो, काहीही. चाचांनी बँडमालकाचं पत्र पुढे केलं. त्यावर बाई म्हणाल्या, मालक काय, कुणालाही पत्र देईल. मुदतीला चार दिवस उरले होते.

बाहेर येऊन चाचा पायरीवर बसले. त्यांनी मास्क खाली केला आणि माझ्याकडे बघून हसले. त्या हसण्याची मला अजून भीती वाटते.

"फोटोवाले," ते म्हणाले, "हजारभर वराती आपण दोघांनी एकत्र केल्या. माझा एक तरी फोटो असेल ना तुमच्याकडे?"

प्रत्येक वरातीत हा माणूस माझ्यापासून चार हातांवर होता आणि प्रत्येक वेळी मीच त्याला हाकललं होतं.

पण घरी पोचता पोचता मला खोका आठवला आणि मी चक्क रस्त्यात थांबलो. पूर्वी आम्ही सगळ्या फोटोंच्या छोट्या प्रती काढून घरच्यांना निवडायला द्यायचो. ज्या प्रतींत बँड घुसलेला असे, त्यांच्यावर मी आधीच लाल पेन्सिलीने फुली मारून त्या खोक्यात टाकत असे. मागे तारखेचा शिक्का असायचाच. टाकून देत नव्हतो, कारण शिक्का सोडला तर मागची बाजू कोरी असते आणि घरातल्या पोरांना चित्रं काढायला कामाला येते. माळ्यावर असे तीन खोके होते. बायको म्हणाली, दहा वर्षं मी हे फेकायला सांगतेय. मी म्हटलं, दहाच वर्षांचा पुरावा हवाय.

दोन दिवस आम्ही नवराबायको जमिनीवर पसरलो होतो. आणि काय सांगू, चाचा सापडत गेले! घोडीच्या मानेखालून चाचा. मामांच्या काखेतून चाचा. एका फोटोत नुसतं ट्रम्पेटचं तोंड नवरीच्या कानाला लागलेलं. स्पष्ट चेहऱ्याचे तेवीस फोटो निघाले, सलग अकरा वर्षांतले. काहींच्या मागे हत्ती होते, काहींच्या मागे विमानं. ते तसेच घेऊन आम्ही शेवटच्या दिवशी खिडकीवर पोचलो.

बाईंनी एकेक फोटो पाहिला, उलटून तारीख पाहिली, हत्ती पाहिला. मग चष्मा वर केला.

"यांच्या प्रत्येक फोटोवर फुली कुणी मारली?"

"मी," मी म्हटलं. "माझा धंदा आहे तो."

"छान धंदा आहे," त्या म्हणाल्या आणि अर्जातून चाचांचं आधार कार्ड काढून फोटोंशेजारी ठेवलं. मग खरं संकट आलं. आधार कार्डावर चाचा म्हणजे गाल आत गेलेला, डोळे वटारलेला एक सुतकी माणूस. तेवीस फोटोंत मात्र डोळे मिटलेला आणि गाल दोन नारळांसारखे फुगलेला कुणी तिसराच. बाईंचं म्हणणं योग्यच होतं. चेहरा जुळत नव्हता. मी सांगायला लागलो की वाजवताना माणूस असाच दिसतो. त्या म्हणाल्या, असेल, पण मला कसं कळणार? वाजवून दाखवा म्हणावं तर फुंकायच्या वाद्याला त्या दिवसांत कोण परवानगी देणार? रांगेतले लोक नुसत्या शिंकेने दोन गोल मागे सरकत होते.

मी हात टेकले होते. चाचांनी मात्र मला कोपराने बाजूला केलं. काचेच्या अगदी समोर उभे राहिले, मास्क उतरवला, पाठ ताठ केली. दोन्ही हात तोंडासमोर नेले, जणू ट्रम्पेट धरलंय. डोळे मिटले. गाल फुगले. उजव्या हाताची तीन बोटं हवेतल्या बटणांवर पडू लागली.

आवाज शून्य. आणि तरी मी शपथेवर सांगतो, मला ऐकू आलं. नवरी निघताना ते वाजवतात ती चाल होती. तिसरं बोट दोनदा पडलं की आया रडायला लागतात. रांगेतल्या एका बाईंनी पायाने ठेका धरला. मागचा रिक्षावाला कुजबुजला की ही पाठवणीचीच आहे. काचेमागे बाई एक फोटो उचलून चाचांशेजारी धरत होत्या, तो ठेवून दुसरा. नारळाला नारळ जुळत होता. सातव्या फोटोलाच खात्री पटलेली दिसत होती, तरी त्यांनी थांबवलं नाही, तेविसावा होईपर्यंत तशाच बघत राहिल्या.

मग त्यांनी शिक्का उचलला आणि मारला. 'पात्र.'

मला नाचावंसं वाटत होतं. पण चाचा खिडकीवरून हलेनात. त्यांनी एक फोटो परत मागून घेतला आणि काचेला लावला. त्यात त्यांच्या शेजारी डोक्यावर दिवा घेतलेली बाई उभी होती. वरातीत अशा दहा-बारा जणी दोन्ही बाजूंनी चालतात.

"ताई, माझे गाल हिच्या उजेडात दिसले. हिचं घर माझ्या मागच्या गल्लीत आहे. तिलाही पाठवू का?"

बाईंनी यादीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, दिवे धरणं 'इतर'मध्येही बसत नाही, निकष माझे नाहीत, माझा फक्त शिक्का. पहिल्यांदाच त्यांचा नकार सभ्य वाटला नाही, नुसता खरा वाटला.

चाचांच्या मुलीने वर्ष पूर्ण केलं. आता ती इंजेक्शन टोचायला येते तेव्हा मीच गाल फुगवतो. वराती परत सुरू झाल्या आणि माझी सवय पार उलटली. मी आता ओरडतो, बँडवाले, जरा मध्ये या. दिवेवाल्यांना तर मी एकेकीला थांबवून, नाव विचारून, सरळ समोरून टिपतो. मागे तारखेचा शिक्का मारून प्रती वेगळ्या खोक्यात ठेवतो. कोण जाणे, कधी निकष बदलले तर.

मागच्या महिन्यात वाघोलीच्या एका वधूपित्याने अल्बम पाहून मला फोन केला. आवाज चढलेला होता.

"अहो, लग्न नक्की कोणाचं होतं?"