कुणी कुणाला जन्म दिला

ऑफिसात सगळे त्याला जमदग्नी म्हणत, अर्थात पाठीमागे. पार्सल कंपनीचा अख्खा प्रोग्राम त्याच्या हातचा. गडबड झाली की जो तो ‘माझं नाही’ म्हणून हात वर करतो, याची त्याला भयंकर चीड. म्हणून त्याने सोयच अशी केली होती, की प्रोग्राममध्ये कुठलंही ऑब्जेक्ट, म्हणजे पार्सल, ऑर्डर अशी कुठलीही नोंद, तयार झालं की त्याच्या कर्त्याचा संदर्भ आपोआप त्याच्याजवळ राहायचा. पार्सल ऑर्डरकडे बोट दाखवणार, ऑर्डर ग्राहकाच्या खात्याकडे. “माझ्याकडे बेवारशी कुणी नाही,” असं तो नव्या माणसाला दम दिल्यासारखं ऐकवी.

नव्यांत त्याची मुलगीही होती. ती आईचं आडनाव लावायची. नोकरी लागली तेव्हाच तिने बजावलं होतं, “बाबा, मी तुमची कोण, हे तिथे कळता कामा नये. मला माझ्या कामावर उभं राहायचंय.” त्याने नाक मुरडत होकार दिला होता.

पुढे सर्व्हर रोज दुपारी आचके देऊ लागला. मुलीने मूळ शोधलं आणि बैठकीत मांडलं.

“पार्सलने ऑर्डरला धरून ठेवलंय, ऑर्डरने खात्याला. काम संपलं तरी मेमरीतून कुणीच सुटत नाही. संदर्भ कमकुवत करू. कर्ता असेल तर सापडेल, पण अडकून पडणार नाही.”

“आणि कर्ता गेला की सगळे हात वर करायला मोकळे,” जमदग्नी गुरकावला.

“त्याचा नंबर लिहून ठेवू. तेवढा पुरतो.”

“काल आलेल्या पोरीने मला शिकवू नये.”

“शिकवत नाहीये, सर. तुमची चूक दाखवतेय.”

कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं, आणि त्याचा तोल गेला.

“सर काय? घरी बाबा म्हणतेस ना? सांग यांना, तुला पहिली ओळ लिहायला कुणी शिकवलं.”

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. तिच्या कानांतून वाफा निघत होत्या. या माणसाचा इतका तिरस्कार तिला कधीच वाटला नव्हता. तो मात्र खुर्चीत मागे रेलला होता, जिंकल्यासारखा.

उपाय तिचाच लागू झाला. सर्व्हर सुरळीत चालू लागला. त्यानंतर चहाच्या मशीनपाशी मॅनेजरने तिला गाठलं आणि मनापासून पाठ थोपटली.

“झकास काम. बाबांनी घरी नीट समजावून दिलेलं दिसतंय.”