एकच बैल दोघांना

आइंडहोवनमधल्या आमच्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकेने मला फसवलं. आधी एवढं लिहून ठेवतो, मग बाकीचं.

छतात ॲस्बेस्टॉस सापडलं म्हणून शाळेची इमारत दिवाळीच्या सुमारास बंद झाली, ती गुढीपाडव्यानंतर उघडली. मधले महिने माझ्या सहा वर्षांच्या मुलीचा वर्ग एका चर्चच्या हॉलमध्ये भरायचा. तिथे इतका गारठा असायचा की मुलं कोट घालून लिहायची. पण शाळेत तोवर तोंड न उघडलेली माझी पोर तिथे शेजारी बसणाऱ्या एका मुलीशी बोलायला लागली. फक्त तिच्याशीच. घरी मी एकटा. बायको मास्ट्रिख्टला संशोधन करायची आणि शुक्रवारी यायची.

हॉलला फाटक नव्हतं, त्यामुळे आईबाप आतपर्यंत येऊन कॉफी घेत उभे राहायचे. त्या मुलीची आई माझाही कप भरायची. या देशात न मागता माझ्या हातात कोणी काही दिलं, ते तेवढंच.

शाळेच्या इमारतीत परतायच्या आधी कळलं की वर्गाच्या दोन तुकड्या होणार. मी मुख्याध्यापिकेला गाठलं. मी कंपनीत खरेदी बघतो. वडील बैलबाजारात दलाल होते, सौदा मी त्यांच्या शेजारी उभा राहून शिकलो.

"सामान हलवायला ट्रक हवाय ना? माणसं? मी आणतो. या दोघींना एका तुकडीत ठेवा."

ती हसली. "तुम्ही नेहमी असंच बोलता?"

"नेहमी."

"बरं. एकत्र राहतील." तिने हात पुढे केला.

मी कागद मागितला नाही. कंपनीत सहीशिवाय पेन्सिलीसुद्धा न घेणारा मी. पण उपरण्याखाली बोटं धरून ठरलेला सौदा वडिलांच्या हयातीत मोडलेला मी पाहिला नव्हता. हात मिळवला, म्हणजे झालं. मग तीन शनिवार बाकं वाहिली, कपाटं चढवली.

पहिल्या दिवशी शाळेला ताज्या रंगाचा वास होता. पताका, केक. मुलं कोट अडकवायला आपापली जुनी खुंटी शोधत होती. वर्गाच्या दारावर यादी होती. दोघी वेगवेगळ्या तुकड्यांत.

"तुम्ही हात मिळवला होता," मी मुख्याध्यापिकेला सगळ्यांसमोर म्हणालो. आवाज चढला होता, हे खरं आहे.

"ऑफिसात बोलू."

"इथेच बोला."

ती हळूच म्हणाली, "तिच्या मैत्रिणीच्या आईने वेगळं मागितलं होतं. मुलीला इतरही मैत्रिणी व्हाव्यात म्हणून. त्यांनाही मी शब्द दिला होता."

"कधी?"

"तुमच्या आधी."

"म्हणजे एकच बैल दोघांना विकलात. आणि माझा ट्रक घेतलात."

बैलाचं तिला कळलं नसावं. ट्रकचं कळलं, मान लाल झाली. मी वळून दाराबाहेर पाहिलं तर कप भरणारी ती बाई सायकलच्या कुलपाशी वाकली होती. ते कुलूप फार वेळ उघडेना.

शुक्रवारी बायको म्हणाली, "ओरडलास कशाला? आता कोण बोलेल आपल्याशी?"

"नाहीतरी कोण बोलत होतं?"

"हॉलमध्ये बोलायचे ना, तूच सांगायचास."

शाळेच्या नव्या फाटकाशीच आता आईबाप मुलांना सोडून सायकली वळवत. कॉफी संपली होती. मी दुपारच्या सुट्टीत मुलीला जेवायला घरी न्यायला जायचो, तेव्हा ती भिंतीला टेकून उभी असायची. ती दुसरी मुलगी तिघींबरोबर दोरीवर उड्या मारत असे. सकाळी वर्गाच्या बाई दारात प्रत्येक मुलाशी हात मिळवायच्या. माझी मुलगीही हात द्यायची, खाली बघत, एक शब्द न बोलता.

एकदा सायकलच्या मागच्या सीटवरून तिने विचारलं, "बाबा, ती आता माझ्याकडे येत नाही. मी काय केलं?"

समोरून वारा होता, मी पायडल मारत राहिलो.

मुलगी आता मोठी झाली आहे, मराठीत विचारलं तर डचमध्ये उत्तर देते. तो प्रश्न मात्र तिने मराठीत विचारला होता. माझे शनिवार गेले, त्याचं मला काही नाही. पण त्या प्रश्नाचं उत्तर देणं माझं काम नाही, ते मुख्याध्यापिकेचं आहे. तिने यावं, माझ्या मुलीसमोर बसावं आणि सांगावं की तू काहीही केलं नव्हतंस, दोन ठिकाणी हात मी मिळवला होता. माझा पत्ता बदललेला नाही.