साका म्हणजे वर

क्रिसान्तो आबेल्यानाला मॅक्तान बेटावर कुणी क्रिसान्तो म्हणत नाही. तो सगळ्यांचा सान्तोय. एकवीस वर्षं त्याने पंख्यांची छोटी विमानं या बेटावरून त्या बेटावर नेली. नारळाच्या झाडांना घासून जाईल इतक्या अरुंद धावपट्ट्यांवर उतरवली आणि संध्याकाळी घरी येऊन सुकी मासळी भाजायला बसला. त्याची बायको फेलिसा दर शुक्रवारी सान्तो निन्योच्या, म्हणजे बाळ येशूच्या, नोव्हेना प्रार्थनेला जाते, तेव्हा आकाशात कुठल्याही विमानाचा आवाज असो, ती क्रुसाची खूण करते. इतक्या वर्षांत तिला एकदाही धावत विमानतळावर जावं लागलं नाही, यातच त्याचं वैमानिकपण आलं.

गेल्या वर्षी दोन विमानकंपन्या एक झाल्या. वर्तमानपत्रांनी त्याला लग्न म्हटलं. सान्तोय म्हणाला, "कसलं लग्न? धाकटीला थोरलीच्या घरात भांडी घासायला आणलंय." वैमानिकांत मग तीच नावं पडली. मनिलाची मोठी ती थोरली, सेबूची आपली ती धाकटी.

थोरलीचे वैमानिक डोक्यावर टोपी ठेवत, जेवताना कमी बोलत. धाकटीचे त्यांना 'पाद्री' म्हणत. पाद्री यांना 'ट्रायसिकलवाले' म्हणत, तीनचाकीतून जाळीच्या पिशव्या आणि कोंबड्या वाहणारे. विश्रांतीच्या खोलीत कॉफीचं यंत्र एकच, पण टेबलं आपोआप दोन झाली. धाकटीत सहवैमानिक कॅप्टनला 'नोय' म्हणायचे, थोरल्या भावाला म्हणतात तसं. आता फतवा निघाला: 'सर' किंवा 'कॅप्टन', तिसरं काही नाही. विमानाभोवती फिरून चाकं-पंखे तपासायचं काम धाकटीत कॅप्टन स्वतः करी. सान्तोय पहिल्या आठवड्यात सवयीने खाली उतरला तर त्याला लेखी समज मिळाली, कॅप्टनने खुर्ची सोडू नये म्हणून.

"खुर्ची सोडू नये म्हणे! विमानाला हात न लावता ते उडवायचं म्हणजे सुनेचं तोंड न बघता लग्न ठरवायचं."

"तू मेमोला उत्तर दिलंस का?" फेलिसाने विचारलं.

"दिलं. 'समजलं, सर' लिहिलं. पाच वेळा लिहून चार वेळा फाडलं."

हे सगळं त्याने गिळलं असतं. पण यादी गिळता येईना. वैमानिकाचं सगळं आयुष्य त्या एका ज्येष्ठतेच्या यादीवर लटकलेलं असतं. कुठली खुर्ची, कुठला मार्ग, नाताळात कोण घरी. थोरलीने धाकटीच्या माणसांची नोकरी विलीनीकरणाच्या तारखेपासून धरली. सान्तोयच्या एकवीस वर्षांचे आठ महिने झाले. वर अट अशी, की धाकटीच्या प्रत्येक कॅप्टनने थोरलीच्या परीक्षकाला पाठीमागे बसवून एक फेरी उडवून दाखवायची. पास झाला तर कॅप्टनची डावी खुर्ची राहील. नापास झाला तर उजवीकडे, सहवैमानिक.

सान्तोयची फेरी शुक्रवारी सकाळी निघाली, कामिगिनला. शेजारी मारिविक तुमुलाक, एकोणतीस वर्षांची, जन्माने कामिगिनचीच. तिचंही नाव कॅप्टनच्या अभ्यासक्रमासाठी वर गेलं होतं. मागच्या घडीच्या आसनावर मनिलाचे कॅप्टन लिओन्सियो बाल्तझार, मांडीवर फळी, फळीवर कागद.

"दाय, आज तोंड सांभाळ," विमानात चढताना सान्तोय पुटपुटला. धाकट्या बहिणीला दाय म्हणतात.

"सर, येस सर," मारिविकने डोळे मिचकावले. "नोय म्हटलं तर जीभ कापतील का?"

"जीभ नाही, पगारातून टोपीचे पैसे कापतील."

समुद्रावर सगळं शांत होतं. कामिगिनची धावपट्टी आखूड, तिच्या पाठीशी हिबोक-हिबोकचा डोंगर. सान्तोयची नजर वेगाच्या काट्यावर होती आणि काटा चोख जागेवर होता. उतरायला दीडशे फूट उरले असतील. मारिविकची नजर धावपट्टीपलीकडच्या नारळांवर गेली. झावळ्या एकाएकी उलट्या झाल्या होत्या, त्यांच्या पांढुरक्या पोटाकडची बाजू दिसत होती. हा डोंगरावरून खाली कोसळणारा वारा. लहानपणी ती याच वाऱ्याच्या वेळी वाळत घातलेले कपडे उचलायला धावायची.

"नोय, साका!"

सेबूच्या बोलीत साका म्हणजे चढ, वर चल. सान्तोयने विचारलं नाही, बाहेर पाहिलं नाही. धाकटीत एकच शिकवण होती: आधी वर, मग वाद. त्याने इंजिनांना जोर दिला, नाक उचललं आणि विमान वर निघालं. पुढच्याच क्षणी ते असं खाली खेचलं गेलं, की मागे प्रवाशांतून एकच किंकाळी आली. मग सावरलं. त्यांनी समुद्रावरून वळसा घातला, दुसऱ्या टोकाने आले आणि लोण्यावर सुरी टेकावी तसे उतरले.

बाल्तझार मागे फळीवर लिहीत राहिले.

दुपारी सेबूच्या कार्यालयात त्यांनी सान्तोयला समोर बसवलं. माणूस वाईट नव्हता, आवाजही चढवला नाही. तेच जास्त झोंबत होतं.

"कॅप्टन आबेल्याना, वेग हद्दीत, उंची हद्दीत. तरी तुम्ही उतरणं सोडलं. का?"

"सहवैमानिकाने वर जायला सांगितलं."

"नाही सांगितलं. मी मागेच होतो." त्यांनी फळीवरचा कागद वाचला. "सहवैमानिक म्हणाली, 'मग, नंतर'. नंतर काय, ते तिने सांगितलंच नाही. आणि तुम्ही विमान वर नेलंत."

सान्तोयला दोन क्षण उमजेचना. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. मनिलाच्या तागालोगमध्ये साका म्हणजे 'मग', 'नंतर बघू'.

"सर, आमच्यात साका म्हणजे वर! जिना चढताना पोरंसुद्धा म्हणतात!"

"आमच्यात म्हणजे कुणात?"

"सेबूत. जिथे आपण आत्ता बसलोय तिथे."

बाल्तझारनी चष्मा काढून पुसला. "मग तर आणखी वाईट. उतरणं सोडून वर जायला पुस्तकात 'गो अराऊंड' हे दोनच शब्द आहेत. उद्या तुमच्या शेजारी उत्तरेकडचा कुणी बसला, मनिलाचा बसला, तर? शब्द एकच हवा, कॅप्टन. यात माझं काय चुकतं?"

यात त्यांचं खरंच काही चुकत नव्हतं. त्यामुळेच त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"ऐका," बाल्तझार खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "मला तुम्हाला पाडायचं नाही. वळसा उत्तम होता. निवेदनात लिहा, की वाऱ्याची खूण तुम्ही स्वतः पाहिलीत आणि निर्णय तुमचा. सहवैमानिकाचा शब्द नियमाबाहेरचा होता, तो तुम्ही धरला नाहीत. मी सही करतो, खुर्ची तुमची."

"आणि मारिविकचं?"

"तिला समज. दोन वर्षांनी पुन्हा अर्ज करेल. तरुण आहे."

सान्तोयने कोरा कागद घरी आणला. फेलिसाने मुगाचं कालवण उकळत ठेवलं होतं. शुक्रवारी त्या घरात मांस शिजत नाही. मारिविक आधीच येऊन बसली होती. तिच्या कानावर सगळं आलं होतं.

"नोय, लिहून टाका ना! माझी दोन वर्षं गेली तर काय आभाळ कोसळतंय? तुमचं वय पंचावन्न. आता उजवीकडे गेलात तर परत डावीकडे कधी येणार?"

"मी पाहिलं नव्हतं."

"काय?"

"झावळ्या. मी नव्हत्या पाहिल्या. मी काटा बघत होतो, गाढवासारखा! तू साका म्हणालीस म्हणून मी गेलो." त्याने कागद टेबलावर आपटला. "मी पाहिलं असं लिहिलं, तर पुढचा सहवैमानिक काय शिकेल? बोललं तर समज मिळते, गप्प बसलं तर पदोन्नती. मग एक दिवस तो झावळ्या बघेल आणि पुस्तकातले दोन शब्द आठवत बसेल."

"म्हणजे आता तुम्ही माझ्या डोक्यावर उपकार चढवणार," मारिविक चिडून उठली. "मला नकोत! उद्या सगळे म्हणतील, तुमुलाकच्या पोरीने आबेल्यानाची खुर्ची खाल्ली."

"उपकार? मी काय तुझ्यासाठी करतोय? मला खोटं लिहून त्या डाव्या खुर्चीवर बसवणार नाही! ती टोचेल!"

"ती टोचते का, की तुम्हाला थोरलीच्या नावाने बोटं मोडायला कारण हवंय?"

सान्तोयने आपटलेला कागद पुन्हा जवळ ओढला. तिचं अर्धं खरं होतं.

फेलिसा मध्ये पडली नाही. कालवण खाली उतरवून तिने एवढंच म्हटलं, "जेवून भांडा." पण जेवताना तिने नवऱ्याकडे पाहिलं. 'खोटी साक्ष देऊ नको' या आठव्या आज्ञेवर फादर अर्धा तास बोलतात, याला त्यापेक्षा कमी शब्दांत कळली होती, हा विचार तिच्या मनात आला. लगेच दुसराही आला, की खुर्ची गेली तर घराचं काय. दोन्ही तिने देवाला सांगितले आणि पानात आणखी भात वाढला.

सान्तोयने त्याच दिवशी लिहिलं, तीन ओळी: 'सहवैमानिक साका म्हणाली. मी वर गेलो. खूण मी पाहिली नव्हती, तिने पाहिली.' खाली सही केली. खाडाखोड केली नाही.

आठ दिवसांनी निकाल आला. मारिविकचा अर्ज पुढे गेला, कारण खूण तिने पाहिली हे आता कॅप्टनच्याच हातचं लिहिलेलं होतं. नियमाबाहेरच्या शब्दाबद्दल एक ओळ तिलाही मिळाली, पण समज नाही. स्वतः खूण न पाहता त्याच शब्दावर वर गेला म्हणून सान्तोय आबेल्याना सोमवारपासून उजव्या खुर्चीत. पुन्हा परीक्षा दीड वर्षाने, जागा असेल तर.

आता उजवीकडे बसलं, की इंजिनांचा जोर कमी-जास्त करायचे दांडे डाव्या हाताकडे येतात. एकवीस वर्षं ते उजव्याकडे होते. रविवारी सकाळी दोघं मिस्साहून आल्यावर फेलिसाने पाहिलं, तर नवरा स्वयंपाकघरात खुर्चीवर ताठ बसलेला, डाव्या हातात भाताचा डाव, आणि तो डाव पुढे-मागे, पुढे-मागे.

"हे काय?"

"हाताला शिकवतोय. इतकी वर्षं हा नुसता बसून खात होता."

डाव सटकला, फरशीवर खणकन पडला. सान्तोयने असा शब्द उच्चारला, की फेलिसाने खिडकी लावून घेतली.

"मिस्साहून आत्ताच आलास ना?"

"आलो. म्हणून एकच उच्चारला." वाकून त्याने डाव उचलला, पुसला आणि पुन्हा डाव्याच हातात धरला. "घड्याळ लाव. याला शिकायला किती वेळ लागतो बघू."