लातूरची रेघ नांदेडला

सर्व संबंधितांस, तसंच ज्यांचा काडीचाही संबंध नाही पण ऐकायची हौस आहे त्यांस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की आमच्या प्रोग्रामरचा संसार एका तिरक्या रेघेवर अडकला होता आणि ती रेघ उलटी पडली. श्रोत्यांनी कृपया उभं राहून शांतता पाळावी. पाळली? आता बसा आणि चहा मागवा. पुढची हकीकत मला फार आवडते, आणि ती सांगताना मधे कोणी हळहळलेलं मला चालत नाही.

लातूर तेव्हा पोरांनी नुसतं फुगलं होतं. भूकंपात ज्या भिंतींना तडे गेले होते त्यांवर गिलावा मारून लोकांनी त्याच खोल्या डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांना भाड्याने दिल्या होत्या. गल्लीत एक मेस, एक झेरॉक्स, एक क्लास, पुन्हा एक मेस. अशाच एका मोठ्या क्लासात मी कॉम्प्युटर ऑपरेटर होते. मालकांना सगळे ‘सर’ म्हणत. त्यांची बायकोही ‘सर’ म्हणायची आणि ते तिला ‘मॅडम’ म्हणायचे, त्यामुळे त्यांचं घरातलं भांडणसुद्धा स्टाफ मीटिंगसारखं ऐकू यायचं.

माझ्या शेजारच्या टेबलावर आमचा प्रोग्रामर. किल्लारीचा. भूकंप झाला तेव्हा शाळकरी पोरगा होता. घर गेलं, बाप गेला, आणि तो आणि आई पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आले. शेड सगळ्या सारख्या. माणसं दुसऱ्याच्या शेडमध्ये शिरायची, जेवायला बसायची आणि ताट वाढणारी बाई आपली नव्हे हे उशिरा कळायचं. त्याच्या आईने त्याच्याकडून पत्ता घोकून घेतला होता: टँकरपासून कितवी रांग, रांगेत कितवं दार, दारात कोणत्या बाजूला घागर. तेव्हापासून जगातल्या प्रत्येक वस्तूला एक पूर्ण, पक्का, कधीही न बदलणारा पत्ता असलाच पाहिजे, अशी त्याची समजूत झाली. बिचारा, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. त्याच्या शेजारी बसेपर्यंत मीही म्हणत असे.

त्याचा स्टेपलर टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात असायचा. मी वापरून हातात दिला तर घ्यायचा नाही.

“जागेवर ठेवा, ताई.”

“अरे, तुलाच हवाय ना? घे की हातात.”

“जागेवर ठेवा. मी तिथून घेतो.”

मी उठून कोपऱ्यात ठेवायची. मग तो कोपऱ्यातून उचलायचा. असा माणूस.

बायको त्याची नांदेडला, एका दवाखान्यात नर्स. लग्न झाल्यापासून ती तिकडे खोली घेऊन राहायची आणि हा इकडे. शनिवारी क्लास सुटला की हा एसटी पकडायचा आणि सोमवारी डोळे सुजवून परत. परत आला की मला साद्यंत अहवाल.

“चहाचा डबा आजबी खालच्या फळीवर होता, ताई. मी वर ठेवून आलो.”

“तिला खाली सोयीचा असेल.”

“आमच्या आईचा वरच असायचा.”

त्याला नांदेडला बदली हवी होती. एवढं एकच मागणं. सरांची नांदेडला नवी शाखा निघाली होती, तिथल्या कॉम्प्युटर विभागाचं काम त्याला मिळालं की संसार एका छताखाली येणार. सरांना हे माहीत होतं, आणि सर ही माहिती लिमलेटच्या गोळीसारखी चघळायचे. स्टाफसमोर विचारायचे, “काय, मग या शनिवारी प्रोग्राम की बायको?” तो मान खाली घालायचा. सगळे हसायचे. मी सगळ्यात मोठ्याने, कारण माझं टेबल सगळ्यात जवळ होतं.

शेवटी सरांनी अट घातली. निकालाचा प्रोग्राम नांदेडच्या पहिल्या पालक मेळाव्यात नीट चालवून दाखवायचा. चालला तर तिथल्या तिथे माइकवरून बदली जाहीर.

आता हा निकाल म्हणजे साधा प्रकार नव्हता. सरांच्या क्लासात निकाल खालून वर वाचत. ज्याला सगळ्यात कमी मार्क, तो पहिला. पोराने उभं राहायचं, शेजारी आईबापाने उभं राहायचं, मागे पडद्यावर पोराचा फोटो आणि खाली मार्क. सर दोन शब्द बोलणार. ते दोन शब्द ऐकून बापमाणसं पाणी प्यायला बाहेर जायची. परीक्षेला गैरहजर असलेल्याला शून्य, कारण आजारपण हा सरांच्या मते बहाणाच. आणि मार्कांची, फोटोंची सीडी सरांच्या खिशात. स्टेजवर जाईपर्यंत ती कोणी बघायची नाही, प्रोग्रामरनेसुद्धा नाही. निकाल फुटला तर रडण्यातला ताजेपणा जातो, असं सर म्हणत. शब्दशः.

प्रोग्राम लातूरला महिनोन् महिने झकास चालला होता. लातूरची मशीन विंडोजवर. नांदेडला मात्र, चोरीच्या सॉफ्टवेअरवर धाडी पडणार अशी आवई उठल्यामुळे, सरांनी सगळी मशीन लिनक्सवर टाकून घेतली होती. लिनक्स फुकट, आणि फुकटात सरांना देशभक्तीही दिसली होती.

मी विचारलं, “तिकडे चालेल का रे हे?”

“जावात लिहिलंय ताई. कुठंबी चालतंय.”

आणि खरंच, भाषा कुठेही चालणारी होती. माणूस नव्हता.

तुम्हाला रेघेचं सांगते, घाबरू नका. कॉम्प्युटरला एखादी फाईल हवी असेल तर तिचा पत्ता द्यावा लागतो: अमुक कपाट, त्यातला तमुक कप्पा, त्यातला हा कागद. या शब्दांच्या मधे एक तिरकी रेघ टाकतात. विंडोजची रेघ डावीकडे झुकते, लिनक्सची उजवीकडे. विंडोजची रेघ लिनक्सला दिली तर ते चिडत नाही, ओरडत नाही. त्याला वाटतं हे सगळं मिळून एकाच कागदाचं लांबलचक नाव आहे. ते त्या नावाचा कागद शोधतं, सापडत नाही, आणि नम्रपणे ‘नाही’ म्हणतं. यावर उपायही भाषेतच दिलेला असतो. प्रोग्रामने मशीनला आधी विचारायचं की बाई, तुमच्याकडे रेघ कशी काढतात, आणि ती सांगेल तशी वापरायची. पण विचारणं हे आमच्या प्रोग्रामरच्या स्वभावात नव्हतं. त्याने सुरुवातीचा डी ड्राइव्ह तेवढा काढला, त्या जागी नांदेडच्या फोल्डरचं नाव घातलं, आणि पुढच्या रेघा लातूरहून आणल्या तशाच ठेवल्या. पत्ता बदलला की झालं.

मेळाव्याला आम्हा लातूरच्या स्टाफलाही नेलं होतं. रविवारी सकाळी नांदेडच्या हॉलमध्ये त्याने प्रोग्राम चालू केला. पडद्यावर क्लासचं नाव आलं, सूर्य उगवताना आला, सरांचा हसरा चेहरा आला. हे सगळं प्रोग्रामच्या पोटातच होतं, त्याला पत्ता लागत नव्हता. सीडी सरांच्या खिशात. तो खूश. उरलेला वेळ त्याने खुर्च्यांच्या रांगा सरळ करण्यात घालवला.

मग बायकोला घेऊन आला. बारीक, शांत मुलगी, रात्रपाळी करून आलेली. आधी भलत्याच खुर्चीवर बसली होती. त्याने तिला उठवून माझ्या शेजारी बसवलं.

“इथून पडदा नीट दिसतो.”

“तिथूनही दिसत होता,” ती म्हणाली.

“इथून नीट दिसतो.”

तो गेल्यावर तिने मला हळूच विचारलं, “ताई, बदलीचं आजच ठरतं का हो?”

“आजच. काळजी करू नको.”

तिने माझा हात धरला. तळव्याला घाम सुटला होता. मी मनात म्हटलं, अगं बाई, काय प्रेम आहे!

हॉल भरला. व्यापारी, मास्तर, धर्माबादकडचे शेतकरी, बुरख्यातल्या आया, सगळ्यांच्या हातात पाण्याच्या बाटल्या. सर स्टेजवर आले, खिशातून सीडी काढून सगळ्यांना दाखवली, उलटीसुलटी, जादूगार रिकामा रुमाल दाखवतो तशी. सीडी आत गेली. फोल्डर मशीनवर उतरले. सरांनी माइक घेतला.

“सुरुवात करू या. सगळ्यात खाली कोण आहे ते बघू या. रोल नंबर एक. मार्क, शून्य.”

पडद्यावर फोटो नाही. फोटोच्या जागी करडा चौकोन. आणि हॉलमध्ये रोल नंबर एक उभा राहिला: सरांचा मुलगा. नव्या शाखेची बोहनी म्हणून सरांनी त्याचंच नाव पहिलं घातलं होतं. त्याच्या शेजारी मॅडम उभ्या राहिल्या, हातात पर्स घट्ट धरून.

एखादा माणूस इथे थांबला असता. म्हणाला असता, काहीतरी चुकलंय. पण मंडळी, सरांसमोर माइक होता आणि माइकसमोर हॉल होता. सरांनी चष्मा काढला.

“पाहा,” ते म्हणाले, आवाज असा भरून आला की मागे कोणीतरी टाळी वाजवली. “हा माझा रक्ताचा मुलगा. शून्य. मी लपवलं का? इथं माझा-तुझा नाही. ये वर. धर कान.”

“पप्पा, मी पेपर पूर्ण सोडवलाय...”

“कान.”

मॅडमना राहवलं नाही. “सर, त्याने घरी येऊन मला सगळी उत्तरं म्हणून दाखवली होती.”

“मॅडम, पालकांनी मधे बोलायचं नाही. बसा. बसू नका, उभ्याच राहा.”

पोरगा स्टेजवर कान धरून उभा राहिला आणि सरांनी त्याच्यावर दोन शब्द म्हणता म्हणता चांगलं भाषण केलं. आळस, मोबाईल, आईचे लाड, सगळं आलं. बाप इतका रंगात आला होता की शेवटी स्वतःचेच डोळे पुसले. टाळ्या पडल्या. मग सर तृप्तपणे पडद्याकडे वळले.

“रोल नंबर दोन. शून्य.”

एका कापड दुकानदाराची मुलगी उठली.

“रोल नंबर तीन. शून्य.”

हॉल हलला.

“रोल नंबर चार,” सर जरा हळू म्हणाले. “शून्य.”

चार नंबरची मुलगी लातूरहून खास आणलेली, शाखेचं नाव व्हावं म्हणून फी माफ करून. तिला शून्य पडलं तर पाण्यालाही आग लागेल अशी. ती उभी राहून सरांकडे अशी बघत होती, जणू सरांनीच कॉपी करून तिचे मार्क नेले होते. तिच्यामागे तिचा बाप उठला, डोक्याला रुमाल गुंडाळलेला.

“सर, एक इचारू का?”

“विचारा.”

“समद्यांनाच शून्य हाय म्हणल्यावर, शिकवत कोण होतं?”

असा हशा मी नांदेडात पुन्हा ऐकला नाही. कान धरलेला पोरगासुद्धा हसला, आणि हसता हसता त्याने कान सोडले. सरांचा चेहरा पाहण्यासाठी मी खुर्चीतून अर्धी उठले. मी खोटं कशाला बोलू, मला अतिशय आनंद झाला होता.

सरांनी माइक न सोडता बोट दाखवलं. “प्रोग्रामर! वर या.”

तो वर गेला. मशीनसमोर बसला. पाठीवरचा शर्ट ओला होत गेलेला आम्हाला सगळ्यांना दिसत होता, कारण त्याचा स्क्रीनच पडद्यावर होता आणि पडद्याच्या उजेडात तो. चूक त्याला लवकर सापडली. हुशार होताच. रेघा बदलल्या, पुन्हा चालवलं, फोटो आले, मार्क आले. सरांचा मुलगा छान मधोमध होता. ना खाली, ना वर. तो स्टेजच्या पायरीवर बसून बूट घासत होता, आणि त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं, बाप तर नाहीच.

“सांगा लोकांना,” सर म्हणाले आणि माइक त्याच्या तोंडाशी धरला. “काय झालं होतं?”

“सर, ते, फोल्डरच्या मधली रेघ. लातूरला डावीकडं झुकते. इथं उजवीकडं.”

“मग?”

“मी लातूरचीच आणली. मार्कांची फाईल सापडंना, म्हणून प्रोग्रामनं समद्यांना गैरहजर धरलं.”

“का?”

तो विचारात पडला. खरंच विचार करत होता, नाटक नाही. “तिथं चालत होती, सर.”

मागून कोणीतरी ओरडलं, “मास्तर, रेघ सरळच मारा की, भांडण मिटलं!” पुन्हा हशा. तोही कसनुसा हसला, सगळे हसतायत म्हणून. तेच चुकलं त्याचं. सरांना कोणीतरी रडलेलं हवं होतं.

सरांनी माइक परत घेतला. हॉल गप्प होईपर्यंत थांबले. थांबायचं कुठे हे त्यांना फार चांगलं कळायचं.

“आज इथे मी एक घोषणा करणार होतो,” ते म्हणाले. “यांना नांदेडला कायमचं आणणार होतो. यांची पत्नी इथेच असते. ती बघा, तिथे बसली आहे.” सगळा हॉल वळून बघू लागला. तिने पदर सारखा केला. “ज्या माणसाला लातूर आणि नांदेड यांतला फरक कळत नाही, त्याने एकाच गावात राहावं. तुम्ही लातूरलाच राहणार. माझा क्लास आहे तोपर्यंत. विषय संपला.”

तो स्टेजवर माइकच्या वायरीकडे बघत उभा होता. मग त्याने मान वर केली आणि इतक्या माणसांत नेमकं आमच्या खुर्च्यांकडे पाहिलं, कारण बायको कुठे बसलीय ते त्याला पक्कं माहीत होतं. मला वाटलं आता ही पोरगी रडणार. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, समजुतीचे दोन शब्दही तोंडात तयार केले. तिने एक लांब श्वास घेतला, इतका लांब की पुढच्या रांगेतल्या बायका वळल्या, आणि शेवटच्या भिंतीपर्यंत, स्टेजपर्यंत, त्याच्यापर्यंत जाईल अशा स्वच्छ आवाजात तिच्या तोंडून निघून गेलं:

“सुटले गं बाई!”